पवनेच्या काठाने दोन दिवस: मित्रांसोबतच्या एमटीबी (डोंगरी सायकल) सहलीची आखणी, पहिल्या फोनपासून सोमवारच्या धुण्यापर्यंत

सहा जण, सहा सायकली आणि पंप एकच. तो पंप सर्वांत पुढे गेलेल्या मित्राच्या पिशवीत होता आणि पंक्चर झालं सर्वांत मागच्याचं. दुधिवरे खिंडीचा चढ, डिसेंबरची संध्याकाळ, मोबाईलला रेंज नाही. पुढचे तिघे खिंडीपलीकडे चहा पीत आमची वाट बघत होते आणि मागे आम्ही तिघं अंधारात सायकल ढकलत होतो. शेवटी दुधाचे कॅन घेऊन निघालेल्या एका पिकअपवाल्याने आपणहून गाडी थांबवली, सायकल मागे टाकली आणि आम्हाला वर सोडलं. पैसे घेतले नाहीत.

त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक सहलीची आखणी शेवटच्या माणसापासून सुरू होते. पंप त्याच्याकडे, हत्यारं त्याच्याकडे, दिवसाचं अंतर त्याच्या दमाप्रमाणे. पुढे जे लिहिलं आहे ते सगळं याच एका गोष्टीभोवती फिरतं. मार्ग मी पवन मावळातला, म्हणजे लोणावळ्याजवळच्या पवना धरणाभोवतालचा घेतला आहे, कारण तो आम्ही पुन्हा पुन्हा केला आहे आणि पहिल्यांदा जाणाऱ्या मंडळींना त्याहून सोयीचा दुसरा मला माहीत नाही.

मार्ग

शनिवारी सकाळी पुणे-लोणावळा लोकलने कामशेत. तिथून बेडसे लेणी, मग पवनानगर, तिकोना पेठ, आणि मुक्काम तिकोना किल्ल्याच्या पायथ्याशी. रविवारी परत पवनानगर, तिथून धरणाच्या उत्तरेकडच्या रस्त्याने दुधिवरे खिंड, लोहगडवाडी, गायमुख खिंड, भाजे आणि मळवली स्टेशन. मळवलीहून लोकलने घर. शनिवारी वीस-पंचवीस किलोमीटर, रविवारी तीस-पस्तीस. रोज डांबरी रस्त्यावर पन्नास किलोमीटर मारणाऱ्याला हे आकडे किरकोळ वाटतील. पण खडीवर, मुरमावर आणि चढावर तासाला आठ-दहा किलोमीटर झाले तरी गाडी छान चालली आहे असं समजायचं.

या मार्गाचा मोठा गुण म्हणजे तो रेल्वेच्या दोन स्टेशनांमध्ये बसतो. गाडी कुठे लावायची आणि परत ती आणायला कोण जाणार, हा प्रश्नच येत नाही. दुसरं म्हणजे मध्ये कुठेही सायकल बिघडली तरी तास-दीड तासात कुठलं तरी गाव लागतं. मुंबईकरांनी लोणावळ्याला उतरून पुण्याकडे जाणारी लोकल पकडावी. मळवलीनंतरचं पुढचंच स्टेशन कामशेत.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. हा सगळा मार्ग कच्चा नाही. बराचसा भाग डांबरी किंवा एके काळी डांबरी असलेला आहे. मधूनमधून वाड्यांना जोडणाऱ्या बैलगाडीच्या वाटा, पाणंदी आणि माळावरच्या पायवाटा निघतात. एमटीबीची खरी मजा तिथे आहे. शेताच्या बांधावरून जायचं असेल तर आधी शेतातल्या माणसाला विचारा. "काका, इकडून सायकल जाईल का?" एवढं विचारलं की नुसती परवानगी मिळत नाही, पुढे ओढ्यात पाणी आहे का, कुंपण घातलंय का, हेही कळतं. नकाशाचं अ‍ॅप यातलं काहीच सांगत नाही. अ‍ॅप ठेवाच, नकाशा आधी डाउनलोड करून ठेवा, पण वाट विचारायची ती माणसाला.

कधी जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात मावळ सुंदर दिसतो हे खरं, पण तेव्हा खाचरं भरलेली असतात, पायवाटांचा चिखल टायरला आणि गिअर बदलणाऱ्या डिरेलरला गच्च बसतो आणि लोहगड-भाज्याच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. मार्चनंतर ऊन सोसत नाही आणि गवत वाळून वणव्याची भीती असते.

मला सर्वांत आवडतो तो नोव्हेंबर. भाताची कापणी झालेली असते, खळ्यावर झोडणी चालू असते आणि वाऱ्यावर इंद्रायणीचा वास येतो. हा तांदूळ इथलाच, वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून निघालेला. खळ्याशेजारून जाताना उतरून सायकल हातात धरा. वाटेवर पसरलेलं भात चाकाखाली घालायचं नसतं.

किती जण, कोण कोण

चार ते सहा. सातवा आला की एक गट दोन गट होतो, आणि दोन्ही गटांना वाटतं की पंप दुसऱ्याकडे आहे.

निघण्याच्या महिनाभर आधी एकदा सगळ्यांनी मिळून अर्ध्या दिवसाची फेरी मारा. पुण्यात वेताळ टेकडीवर किंवा दिघीच्या टेकड्यांवर सायकलवाले सराव करताना दिसतात. तिथे सकाळी चालायला येणाऱ्यांचा मान पहिला. वाट त्यांना द्यायची, आपण थांबायचं. या फेरीत कोण वेगवान आहे ते बघू नका. चढावर कोण पहिला उतरतो, उतारावर कोण घाबरून दोन्ही ब्रेक आवळतो आणि पाणी प्यायला कोण विसरतो, ते बघा. त्यावरून दोन माणसं ठरवा. एक पुढचा, ज्याला वाट माहीत आहे आणि ज्याच्यात थांबण्याचा धीर आहे. दुसरा शेवटचा, ज्याला सायकल दुरुस्त करता येते. पुढच्याला आम्ही 'लीड' म्हणतो, मागच्याला 'स्वीप'. स्वीपने कधीही कुणाच्या पुढे जायचं नाही. सर्वांत हळू चालवणारा मित्र स्वीपच्या बरोबर पुढे राहतो, म्हणजे त्याला मागून कुणी ढकलतंय असं वाटत नाही आणि तो एकटाही पडत नाही.

नियम एकच, पण तो पाळायचाच: प्रत्येक फाट्यावर लीडने थांबायचं आणि शेवटचा माणूस डोळ्यांना दिसेपर्यंत हलायचं नाही. आणि शेवटचा आला की लगेच निघायचं नाही. सगळे दहा मिनिटं विसावलेले असतात आणि तो धापा टाकत पोचतो; त्यालाही तेवढीच विश्रांती द्यायची. हे न केल्यामुळे मी चांगले मित्र दुसऱ्या सहलीला नको म्हणताना पाहिले आहेत.

सायकल

पुढे शॉकअप असलेली, दोन इंचांच्या आसपास रुंद आणि गुठळ्यांच्या टायरची, डिस्क ब्रेकची कुठलीही धड सायकल या मार्गाला पुरते. मागचाही शॉकअप असलेली महागडी सायकल लागत नाही. भाड्याने घेणार असाल तर आदल्या दिवशी ताब्यात घ्या आणि घराजवळच्या चढावर एकदा चढवून पाहा. दुकानाच्या दारात सगळे गिअर पडतात. भार आल्यावर कुठला सटकतो ते चढावरच कळतं.

तपासणी चाकापासून सुरू करा. चाक उचलून फिरवा, रिम डावी-उजवीकडे डुलते का पाहा. आऱ्या बोटाने दोन-दोन दाबून बघा, एखादी सैल हाताला लगेच लागते. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवा. हँडलखाली टकटक झाली तर हेडसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं तो सांधा, सैल आहे. ब्रेक पॅडचा जाडपणा बघा. पत्र्यावर उरलेला मसाला एक मिलिमीटरच्या आसपास आला असेल तर पॅड बदला, कारण रविवारचा उतार लांब आहे. चेन पुसून तेलाचा थेंब प्रत्येक कडीवर टाका आणि वरचं तेल परत पुसा. ओली चेन मावळातला सगळा धुरळा गोळा करते.

सीटची उंची बहुतेक जण कमी ठेवतात आणि गुडघे दुखले की चढाला दोष देतात. टाच पॅडलवर ठेवा, पॅडल अगदी खाली असताना पाय सरळ व्हायला हवा. मग नेहमीसारखा पुढचा चवडा ठेवला की गुडघ्यात हलका बाक राहतो. उतारावर हीच सीट चार-पाच सेंटिमीटर खाली घ्यायची.

आणि हवा. याकडे सर्वांत कमी लक्ष जातं. टायरच्या बाजूला छापलेला कमाल आकडा गाठायचा नसतो. सत्तर किलोच्या माणसाला, ट्यूबच्या दोन-सव्वादोन इंची टायरला, डांबरावर ४० पीएसआयच्या (पंपावरचं हवेच्या दाबाचं माप) आसपास ठीक. कच्च्या वाटेवर २८ ते ३२. मागच्या चाकात पुढच्यापेक्षा दोन-तीन जास्त. हवा भरपूर असली की टायर प्रत्येक दगडावरून उसळतो, हाताला मुंग्या येतात आणि वळणावर पकड राहत नाही. फारच कमी असली की दगडावर आपटून ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी.

पिशवीत काय

स्वीपकडे: पंप, टायर काढायचे दोन-तीन प्लास्टिकचे लिव्हर, चेन तोडायच्या हत्यारासकट अ‍ॅलन कीचा संच, गटातल्या चेनना बसेल अशी क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी), पंक्चरचे पॅच, सोल्यूशन, पॉलिश पेपर, केबल टाय, चिकटपट्टी. क्विक लिंक घेताना मागे किती गिअर आहेत ते दुकानात सांगा, नऊच्या चेनला आठची लिंक चालत नाही. डिरेलर ज्या छोट्या तुकड्यावर लटकतो तो हँगर प्रत्येक सायकलचा वेगळा असतो. ज्याची सायकल त्याने स्वतःचा जादाचा हँगर आणावा. सायकल उजव्या अंगावर पडली की पहिला तोच वाकतो.

प्रत्येकाकडे: स्वतःच्या मापाच्या दोन ट्यूब, हेल्मेट, बोटं झाकणारे हातमोजे, पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा, एक शिट्टी, तीन लिटर पाणी मावेल अशी सोय, एक जादा टी-शर्ट, थंडीसाठी जाकीट. मावळात रात्री चांगलीच थंडी पडते. हेल्मेटवर चर्चा करत बसू नका. हेल्मेट नसेल तर तो मित्र पुढच्या वेळी येईल.

खाण्याचं फार अवघड करू नका. गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू, खजूर, केळी. भूक लागायच्या आधी, दर पाऊण-एक तासाने थोडं थोडं. ओआरएसची पाकिटं ठेवा. संपली तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. लिंबू पिळलं तर प्यायला बरं वाटतं.

लोकल

पहाटेची गाडी पकडा. सायकल नेण्याचं तिकीट आदल्या दिवशी स्टेशनवर जाऊन विचारून घ्या, म्हणजे सकाळी खिडकीशी घोळ होत नाही. सामानाच्या डब्यात चढा, पुढचं चाक काढून सायकली एकमेकींना टेकवून बांधा आणि दार मोकळं ठेवा. दूधवाले आणि भाजीवाले रोज त्याच डब्यातून पोट भरायला जातात. आपण पाहुणे.

चाक काढल्यावर हायड्रॉलिक ब्रेकचा लिव्हर चुकूनही दाबू नका. मध्ये डिस्क नसली की आतले पॅड एकमेकांना चिकटतात आणि कामशेतच्या फलाटावर चाक काही केल्या आत जात नाही. पुठ्ठ्याचा घडी केलेला तुकडा पॅडच्या मध्ये खोचून ठेवा. चाक परत बसवलं की ते खाचेत पूर्ण टेकलंय का, चाक आवळायचा क्विक रिलीज घट्ट आहे का आणि पुढचा ब्रेक लागतोय का, ही तीन कामं प्रत्येकाने स्वतःची करायची आणि स्वीपने सगळ्यांची पुन्हा बघायची.

शनिवार

कामशेतला चहा-वडापाव झाला की जुन्या पुणे-मुंबई महामार्गावर फार वेळ काढू नका, ट्रक जोरात असतात. एकामागे एक, डाव्या कडेने, पवनानगरचा रस्ता गाठायचा. एक्सप्रेसवेवर सायकलला बंदी आहे, त्या बाजूला वळूच नका.

आठेक किलोमीटरवर बेडसे. सायकली पायथ्याशी कुलूप लावून ठेवा आणि चारेकशे पायऱ्या चढा. कार्ले-भाज्याची गर्दी इथे येत नाही. चैत्यगृहाच्या ओसरीतले उंच खांब, त्यांच्या माथ्यावर घोड्यांवर-हत्तींवर बसलेली जोडपी. दोन हजार वर्षांपूर्वीचं काम. कड्यावर आग्या मोहोळ असू शकतं, म्हणून मोठ्याने ओरडणं, धूर, अत्तराचा फवारा यातलं काही नको. सकाळी पोचलात तर ऊन थेट आत येतं. इथे तास गेला तरी गेला, शनिवारचा मार्ग मुद्दाम छोटा ठेवला आहे तो याच्याचसाठी.

बेडशाहून पवनानगरपर्यंत वाडी-वाडीने जाणाऱ्या वाटा आहेत. इथेच कच्च्या वाटेची सवय करून घ्या. चढावर सीटच्या पुढच्या टोकावर सरका, छाती हँडलकडे झुकवा, कोपरं आत. उभं राहून जोर लावला की मागचं चाक मुरमावर घसरतं. बसून, हलक्या गिअरवर, एकसारखं पॅडल मारा. गिअर चढ लागायच्या आधी बदला. चढावर पूर्ण जोर असताना बदलला तर चेन तुटू शकते, आणि तुटते तेव्हा माणूस गुडघ्यावर पडतो.

या भागात बाभळी आहेत, त्यामुळे पंक्चर होणारच. आमचं एकदा एका खळ्याच्या कडेला झालं होतं. आजोबांनी झोडणी थांबवून बादलीभर पाणी आणून दिलं आणि शेजारी उकिडवे बसून बघत राहिले. आमच्या मित्राने घाईघाईने ट्यूब बदलली, पंप मारला, दोनशे मीटर गेलो आणि परत फुस्स. परत आलो. तेव्हा आजोबांनी टायर हातात घेतला आणि आतून अंगठा फिरवला, अगदी सावकाश, जसं भाकरीचं पीठ चाचपतात तसं. एका जागी थांबले. बाहेरून तिथे काहीही दिसत नव्हतं. काटा रबरात मोडून आतलं टोक केसाएवढं वर राहिलं होतं. त्यांनी ते नखाने ढकलून बाहेर काढलं. "आधी काटा, मग ट्यूब," म्हणाले.

तर क्रम असा. ट्यूब काढताना तिचा व्हॉल्व्ह टायरच्या कुठल्या खुणेसमोर होता ते लक्षात ठेवा. ट्यूबमध्ये हवा भरून भोक शोधा, बादली नसेल तर ओठाजवळ धरा, गार फुंकर लागते. मग ट्यूब टायरवर तशीच ठेवली की काटा साधारण कुठे असेल ते कळतं. अंगठा सबंध टायरभर फिरवा, कारण काटे एकापेक्षा जास्त असू शकतात. पॅच लावायचा असेल तर पॉलिश पेपरने घासा, सोल्यूशन पातळ पसरा आणि थांबा. ओलसर चमक जाऊन ते निस्तेज दिसेपर्यंत तीन-चार मिनिटं जातात. घाईत लावलेला पॅच सुटतो. टायर कापला गेला असेल तर आतून टूथपेस्टच्या ट्यूबचा किंवा जाड पाकिटाचा दुमडलेला तुकडा लावा. घरी पोचेपर्यंत टिकतो.

दुपारी तिकोना पेठेत पोचलात की सामान टाका, तासभर आडवे व्हा आणि साडेतीनच्या आत गडाकडे निघा. चढ तासाभराचा, शेवटच्या पायऱ्या खड्या. वाटेत चपेटदान मारुती भेटतो. सायकल गडावर न्यायची नाही. डोक्यावर घेऊन जाणारे मी पाहिले आहेत, पण त्या पायऱ्या आणि ते दरवाजे चाकांसाठी नाहीत. माथ्यावरून पवनेचं पाणी, पलीकडे तुंग किल्ला, उजवीकडे लोहगड-विसापूर असा सगळा उद्याचा मार्ग दिसतो. पहिल्यांदा आलेल्या मित्राला तो बोटाने दाखवा. अंधाराआधी खाली या.

मुक्काम

पवनेच्या काठाला तंबूंच्या छावण्या भरपूर आहेत. बहुतेक ठिकाणी मोठ्याने गाणी लागतात आणि झोप होत नाही. सकाळी साडेसहाला निघायचं असेल तर गावातलं घर बरं. आधी फोनवर बोलून माणसं, जेवण आणि पैसे ठरवा आणि सायकली आत ठेवायला जागा आहे का तेही विचारा. पिठलं, भाकरी, ठेचा, इंद्रायणीचा भात. दिवसभर सायकल मारल्यावर याहून वेगळं काही नको वाटतं.

पैसे घरच्यांच्या हातात द्या आणि घासाघीस करू नका. या धरणाचं पाणी पिंपरी-चिंचवडला जातं. ज्यांच्या जमिनी त्या पाण्याखाली गेल्या, त्यांची मुलं-नातवंडं याच गावांत राहतात. रात्रीच्या गप्पांत हा विषय निघतोच. निघाला तर बोलण्याऐवजी ऐका.

धरणात पोहायला उतरू नका. काठ उथळ दिसतो आणि दोन पावलांवर एकदम खोली लागते, खाली गाळ. दरवर्षी इथे मुलं बुडतात. कुणी कितीही चांगला पोहणारा असला तरी नाही.

रविवार

उजाडताना निघा. पवनानगरवरून उत्तरेकडचा रस्ता धरणाच्या काठाने वर-खाली होत जातो. डाव्या हाताला पाणी, धुकं असेल तर पाण्यावर पांढरा थर. दुधिवऱ्याला प्रतिपंढरपूरचं विठ्ठल मंदिर आहे, तिथे पाणी भरून घ्या. पुढे खिंडीचा चढ. इथे ढकलत जाण्यात काहीही कमीपणा नाही. आमच्या गटात ज्याला ढकलायचं असेल त्याच्यासोबत एक जण उतरून चालतो.

खिंडीपाशी लोहगडवाडीचा फाटा. सायकली वाडीत एखाद्या हॉटेलवाल्याला सांगून ठेवल्या तर लोहगड बघून होतो. २०२५ साली जागतिक वारसा यादीत गेलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांमधला हा एक. दम असेल तरच चढा, गडाची विंचूकाटा माची खालूनही दिसते. अजून अवघड उतार बाकी आहे आणि दमलेले पाय उतारावर चुका करतात.

गायमुख खिंड म्हणजे लोहगड आणि विसापूरच्या मधली खाच. इथे सगळ्यांनी थांबायचं. सीट खाली घ्या. पुढच्या शॉकअपचं लॉक उघडं आहे का बघा. ब्रेक दाबून बघा, लिव्हर हँडलला टेकत असेल तर ती सायकल हातात धरून उतरवायची, वाद नाही. बुटांच्या नाड्या आत खोचा. मग एकेक करून, दोघांत निदान तीस मीटर अंतर ठेवून.

उतारावर बसू नका. दोन्ही पॅडल एका पातळीत, गुडघे आणि कोपरं सैल, बूड सीटच्या जरा मागे-वर. ब्रेकवर एकच बोट, उरलेल्या बोटांनी हँडल. बहुतेक जोर पुढच्या ब्रेकमध्ये असतो, म्हणून तो टाळू नका, पण हळूहळू दाबा, झटक्यात नाही. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात ब्रेक सोडून द्यायचा. पुढचं चाक वळलेलं असताना मुरमावर ब्रेक दाबला की ते निसटतं आणि माणूस खांद्यावर पडतो. गळ्याजवळचं हाड (कॉलरबोन) तिथेच मोडतं. सतत ब्रेक धरून उतरलात तर डिस्क तापते आणि जोर कमी होत जातो. दाबा, सोडा, दाबा, सोडा. मध्ये थांबलात तर डिस्कला बोट लावू नका, चांगला चटका बसतो.

डोळे चाकापुढच्या दगडावर ठेवले की चाक त्याच दगडावर जातं. पाच-सहा मीटर पुढे, जिथे जायचंय तिथे बघा. रस्ता अरुंद आहे आणि रविवारी समोरून गाड्या वर येतात. प्रत्येक आंधळ्या वळणाच्या आधी शिट्टी. घाबरलेल्या मित्राला "काही होत नाही, ये" म्हणू नका. त्याला सांगा, "उतर, चालत ये, मी आहे." दोनशे मीटर चालल्यावर तो स्वतःहून परत बसतो.

काही झालंच तर

खरचटलं तर पिण्याच्या पाण्याने भरपूर धुवा, आतली माती-खडी निघेपर्यंत, मग स्वच्छ पट्टी. डोक्यावर पडला आणि उलटी, गुंगी किंवा तेच तेच प्रश्न विचारणं सुरू झालं, तर सहल तिथे संपली. पडलेलं हेल्मेट बरोबर घेऊन थेट दवाखान्यात. हात-खांदा मोडल्यासारखा वाटला तर जादाच्या टी-शर्टची झोळी करून हात छातीशी बांधा. साप चावला तर पाय बांधणं, चिरणं, चोखणं काही नको. त्याला शांत बसवा, चालू देऊ नका आणि गाडी मिळवा. रुग्णवाहिकेला १०८, कुठल्याही संकटात ११२. रेंज नसेल तर दोघांनी मिळून उंचावर जायचं, एकट्याने नाही, आणि जखमीजवळ एक तरी माणूस थांबायलाच हवा. म्हणूनच चारपेक्षा कमी जण नकोत.

कुत्री अंगावर आली तर सायकल पळवू नका. उतरा, सायकल मध्ये धरा, चालत पुढे जा. म्हशी आल्या तर थांबा, त्यांना सवडीने जाऊ द्या.

परतल्यावर

भाज्याला पोचलात की मळवली स्टेशन जवळच आहे. वेळ उरला तर भाजे लेणी बघा, नाही तर गावात चहा. दुपारी लोकल कमी असतात, वेळापत्रक आधीच पाहून ठेवा. मळवलीच्या फलाटावर बसल्या बसल्या हिशेब मिटवून टाका. घरी गेल्यावर तो महिनाभर लोंबकळतो.

सोमवारी सायकल बादली आणि फडक्याने धुवा. जोराच्या पाण्याचा फवारा हबवर आणि पॅडलच्या बेअरिंगवर मारू नका, ग्रीस धुऊन निघतं. डिस्कवर तेल उडू देऊ नका. चेन कोरडी करून तेल द्या. टायर आतून-बाहेरून चाचपा, मावळातला एखादा काटा अजून रबरात बसलेला असतो आणि पुढच्या रविवारी आत शिरतो.

किती पॅच वापरले, सोल्यूशन किती उरलं, कुणाची ट्यूब कुणाला दिली, हे त्याच रात्री लिहून ठेवा आणि संपलेलं दुसऱ्या दिवशी आणून ठेवा. आमची हत्यारांची पिशवी सहल संपली की माझ्या घरी राहत नाही. पुढच्या वेळी जो स्वीप असणार आहे, तो मळवलीलाच ती पंपासकट खांद्याला अडकवतो आणि घेऊन जातो.